हरकत असल्यास पंधरा दिवसांत

पेडणे तालुक्यात असा साकव, अशी शाळेची खोली, असं समाजगृह शोधून सापडायचं नाही, ज्याच्या ठरावाचा मसुदा कृष्णनाथ शेट्ये यांच्या हातचा नाही. चौतीस वर्षं पंचायत सचिव म्हणून त्यांनी निम्म्या तालुक्याचं लिखाण केलं. आणि असा एकही दगड सापडायचा नाही, ज्यावर त्यांचं नाव आहे. कोनशिलेवर आमदार असतो, सरपंच असतो, झाडून सगळे पंच असतात. एके ठिकाणी तर मांडव घालणाऱ्याचंही नाव आहे, कारण दगड त्यानेच टेम्पोतून आणला होता. सचिवाचं नाव फक्त एकदा, केरीच्या एका मासळी-शेडवर, अगदी शेवटच्या ओळीत कोरलं गेलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराने जमिनीची पातळी चार इंच वर घेतली आणि ती ओळ सिमेंटखाली गेली. कृष्णनाथ आजही केरीला गेले की त्या जागी वाकून क्षणभर थांबतात. लोकांना वाटतं, चपलेचा पट्टा सरळ करतायत.

म्हणून त्या दिवशी त्यांची मुलगी गौरवी सहज जे बोलून गेली, ते सहज घेण्यासारखं नव्हतं.

गौरवी कोरगावच्या घरात, मधल्या खोलीच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, मेज लावून, कुठल्याशा कंपनीसाठी होड्यांच्या वेळा दाखवणारं अॅप बनवत होती. त्यासाठी ती एक लायब्ररी वापरायची. लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. कुणीतरी एकदा लिहून ठेवलेला तयार कोड. बाकीच्यांनी तो घ्यावा आणि पुढचं काम करावं. गावात पोदेर रोज पाव घेऊन येत असताना घरोघर भट्टी कोण घालतो? तसंच. ही लायब्ररी भरती-ओहोटीची गणितं करायची. तिच्याबरोबर एक संदर्भपुस्तिका होती, कुठल्या फंक्शनला काय द्यायचं आणि त्यातून काय मिळेल हे सांगणारी. मजकूर अचूक, मांडणी मात्र अशी, की याद्या मध्येच तुटलेल्या, चौकटीतला कोड चौकटीबाहेर लोंबकळणारा.

कृष्णनाथ चहाचा कप घेऊन मागून जात होते. ते थबकले. पडद्याकडे बघून त्यांनी चष्मा वर केला.

"हे बांधकाम कोणी पास केलं?"

"कुणी नाही बाबा. जगभरचे लोक फुकट लिहितात. ज्याला दिसेल त्याने दुरुस्त करायचं. एक स्पेस जरी नीट केली आणि त्यांनी ती मंजूर केली, तरी शेवटी यादीत नाव येतं."

कप बशीवर टेकला.

"कोणाचं नाव?"

"ज्याने केलं त्याचं."

"सरपंचाचं?"

"त्यांना सरपंचच नाही."

कृष्णनाथांनी उरलेला चहा उभ्यानेच संपवला. ज्याने केलं त्याचं नाव. चौतीस वर्षांच्या सेवेत इतकी बेकायदेशीर पद्धत त्यांनी ऐकली नव्हती, आणि इतकी सुंदरही.

पुढची आवृत्ती निघायला पंचवीस दिवस होते. त्या आवृत्तीबरोबर यादी बाहेर पडणार. जे राहिले ते पुढच्या वर्षी. कृष्णनाथांनी त्याच संध्याकाळी एक नवी फाइल उघडली, तिला लाल फीत लावली आणि वर लिहिलं, 'सदर लायब्ररी'. तिचं खरं नाव कुठल्याशा समुद्रपक्ष्याचं होतं. पण कृष्णनाथ शेवटपर्यंत तिला 'सदर' म्हणत राहिले.

या कामाचं आपल्याला अंग आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. समास म्हणजे काय? सेटबॅक. घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा. चौकटीबाहेर गेलेली ओळ म्हणजे अतिक्रमण. एका शीर्षकाच्या पोटात दुसरं शीर्षक म्हणजे परवानगीशिवाय चढवलेला मजला. सॉफ्टवेअरवाल्यांनी याला नवीन नावं ठेवली, म्हणून काय ते नवीन झालं?

पहिली पायरी अर्थातच स्थळपाहणी. जागेवर गेल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हा त्यांचा बाणा. जागा पडद्यावर असल्यामुळे त्यांनी ती कागदावर आणायचं ठरवलं आणि बसने पेडण्याच्या बाजारात सुविधाच्या झेरॉक्स दुकानात गेले. सुविधा त्यांना ते सचिव असल्यापासून ओळखायची. तिने न विचारता मोठा कागद घातला, सरकारी अर्जाला लागतो तो लांबडा. सरकारी माणसाला दुसरा कागद दिला तर तो परत पाठवतो, हा तिचा अनुभव.

चौऱ्यांशी पानं निघाली. कृष्णनाथांनी ती सोप्यावर पसरली, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक काजूची बी ठेवली आणि स्टीलची फूटपट्टी घेऊन तीन दिवस मोजमाप केलं. चौथ्या दिवशी गौरवीपुढे अहवाल ठेवला. एकसष्ट अतिक्रमणं, पान क्रमांक आणि मिलिमीटरसह. तळाचा समास तर पानागणिक दोन इंच जास्त.

गौरवीने अहवाल चाळला, एक पान उजेडाला धरलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, ही पुस्तिकेची चूक नाही. कागद लांब आहे."

गौरवीची आई सत्यवतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे तीन दीस तुमी कागदच मोजलात?"

"प्राथमिक पाहणी होती," कृष्णनाथ म्हणाले. फीत पुन्हा बांधताना त्यांनी गाठ नेहमीपेक्षा घट्ट मारली.

पण मागे हटतील ते कृष्णनाथ कसले. गौरवीने मग त्यांना पुस्तिकेच्या मागची बाजू दाखवली: साधा मजकूर, ज्यावरून यंत्र पान तयार करतं. "दिसतं ते घर. हा त्याचा प्लॅन." प्लॅन म्हटल्यावर कृष्णनाथांचे डोळे चमकले. आयुष्य गेलं त्यात. दोन दिवसांत त्यांनी रोग शोधून काढला. वेगवेगळ्या हातांनी लिहिताना कुणी यादीच्या दोन ओळींमध्ये रिकामी ओळ सोडली होती, कुणी नव्हती. म्हणून यादी कुठे फुगायची, कुठे फाटायची. त्यांनी एक एक करून मोजल्या. दोनशे बारा. यादीत रिकामी ओळ नको. आणि पुन्हा कुणी घालू नये म्हणून तसा नियमच करा, यंत्राला तपासायला लावा, असं त्यांनी सुचवलं. प्रकल्पाचं काम बघणारी इंग्रिड नावाची बाई नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरात राहायची. तिने नियम त्याच दिवशी मान्य केला आणि नियमाखाली लिहिलं, 'सुचवणारे: कृष्णनाथ शेट्ये'. पण नियम वेगळा, काम वेगळं. यादीतलं नाव कामाला होतं.

कृष्णनाथांनी दोनशे बारा ओळी काढल्या आणि दुरुस्तीला जोडायचं पत्र लिहायला घेतलं.

इथे गौरवी घरी असती तर ही कथा इथेच संपली असती. पण ती त्या दिवशी पणजीला गेली होती. बाकीचे लोक अशा जागी दोन शब्द लिहितात. कृष्णनाथांनी दीड पान लिहिलं: विषय, संदर्भ एक ते चार, सहपत्रं. आणि शेवटी, हाताच्या सवयीने, चौतीस वर्षं प्रत्येक नोटिशीखाली लिहिलेली ओळ इंग्रजीत उतरवली: सदर दुरुस्तीबाबत कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत लेखी नोंदवावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

संध्याकाळी इंग्रिडचं उत्तर आलं. काम सुंदर आहे. मी आजच मंजूर करणार होते. पण तुम्ही पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. इतकी काळजी घेणारा माणूस आम्हाला प्रथमच भेटला. त्या मुदतीचा मान राखून आम्ही थांबतो.

"बाबा!" गौरवीने कपाळावर हात मारला. "पंधरा दिवस जातील तेव्हा आवृत्ती निघायला दोनच दिवस राहतील. लिहा त्यांना, मुदत रद्द."

"नोटीस रद्द करायची तर रद्द करण्याची नोटीस काढावी लागते."

"मग काढा!"

"तिला पंधरा दिवसांची मुदत असते."

गौरवी आपल्या मेजाशी जाऊन बसली आणि पडद्यावरची समुद्राची उंची बघत राहिली.

कृष्णनाथ मात्र निश्चिंत होते. हरकत घेणार कोण? जगात या पुस्तिकेचे वाचक असतील दोन-चार हजार. त्यातल्या कुणाला रिकाम्या ओळींचं प्रेम असणार? आणि नोटीस म्हटली की ती लावावी लागते. फलकावर न लावलेली नोटीस ही नोटीसच नव्हे. पंचायतीच्या फलकावर आता त्यांचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी एक प्रत आपल्याच फाटकाच्या खांबावर डकवली, पुस्तिकेच्या पूर्ण पत्त्यासह. त्यांची सगळी शांती या एका खांबाने घालवली.

गावाने नोटीस वाचली. दुसऱ्या दिवशी पाव घेताना वाड्यावरचे लोक फाटकाशी थांबू लागले. एकाने विचारलं, आरोग्य खात्याची एनओसी घेतली का. दुसऱ्याचं मत पडलं, समुद्राचा विषय आहे, किनारपट्टीच्या नियमात अडकेल, आधीच वकील बघून ठेवा. तिसऱ्या दिवशी माजी सरपंच गोकुळदासबाब स्वतः आले, सोप्यावरच्या खुर्चीत बसले आणि चहा येईपर्यंत आंब्यांवरच बोलत राहिले.

"कृष्णनाथ," शेवटी ते म्हणाले, "जगाच्या यादीत गावाचा नाव जाता म्हणून ऐकला."

"माझं जातं."

"ताच म्हणतंय. तुझा म्हणजे गावाचा. मगे वर, सुरवातीक, मार्गदर्शक म्हणून कोणाचा तरी व्हया मरे. नुसता सेक्रेटरीचा नाव बरा दिसता?"

कृष्णनाथांनी अतिशय नम्रपणे सांगितलं, की त्या यादीत फक्त काम करणाऱ्याचं नाव घालायची प्रथा आहे. गोकुळदासबाबांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग चहा अर्धा टाकून उठले. "असल्या यादीक काय अर्थ असा?" ते म्हणाले.

आता सगुणबद्दल सांगायला हवं.

सगुण पालयेकर हा शेजारी. डिचोलीच्या एका खाणीवर तो वजनकाट्यावर होता. दिवसाला दोनशे ट्रक त्याच्या नजरेखालून जायचे, आणि नंबरातला एक आकडा चुकला तर तो भरलेला ट्रक परत फिरवायचा. खाण बंद झाली, सगुण घरी आला, नजर तशीच राहिली. वीस वर्षांत एकही ग्रामसभा त्याच्या हरकतीशिवाय पार पडली नाही. स्वतःच्या दारापर्यंत डांबरी रस्ता मंजूर झाला तेव्हा त्यालाही त्याने हरकत घेतली होती. रस्ता येईल, पण पद्धतीने आला पाहिजे. कृष्णनाथांच्या आणि त्याच्या आवारामधला चिऱ्यांचा गडगा गेल्या पावसात कोसळला. तो मूळ कुठे होता यावर दोघांत वीतभर जमिनीचा मतभेद होता. तेव्हापासून तिथे दोन खुंट्यांना बांधलेली एक दोरी होती. ती कृष्णनाथांनी बांधली होती, अर्थात कृष्णनाथांच्या मते जिथे गडगा होता तिथे. सगुण तिला रोज सकाळी दात घासत बघायचा आणि तिच्या पलीकडे थुंकायचा.

नोटीस लागल्यावर सगुण आला, डोळे बारीक करून ती शेवटपर्यंत वाचली, आणि खिशातून फोन काढून तो ब्याऐंशी अक्षरी पत्ता एकेक अक्षर बघत त्यात घातला. कृष्णनाथ जनेलातून बघत होते.

"काय रे सगुण, तुला काय कळणार त्यात?"

"तुमका कळता, सेक्रेटरीबाब. माका फकत दिसता."

चौदा दिवस काहीच झालं नाही. पंधराव्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे कुठलीही कचेरी बंद व्हायच्या बरोबर पंधरा मिनिटं आधी, हरकत आली. सगुणने ती फोनमध्ये बोलून घातली होती, आपल्या पेडणेकरी बोलीत, जशी ग्रामसभेत उभं राहून घालतो तशी.

'माका हरकत असा. नव बंदरांची यादी असा. तिच्या खाली, सगळ्यांक मिळान एक टीप होती, उंची मीटरात धरूची म्हणून. मधली रिकामी ओळ काढल्यार ती टीप शेवटच्या बंदराच्या पोटात गेली. शेवटी वास्को. म्हणजे मीटर फकत वास्कोक? बाकीच्या आठांनी काय हातान मोजूची? काम करतल्याक दुसऱ्याच्या जाग्यात घुसपाची सवय असा. पुरावो व्हयो जाल्यार गडगो बघा.'

यंत्राने याचं जे भाषांतर केलं, ते वाचून इंग्रिडला एवढंच कळलं, की कुणाच्या तरी पोटात बंदर गेलं आहे आणि भिंतीची पाहणी करावी अशी विनंती आहे. तिने काळजीने लिहिलं: हे गृहस्थ बरे आहेत ना? कृष्णनाथ, तुम्ही त्यांच्याच भागातले दिसता. कृपया नीट भाषांतर करून द्याल का? गंभीर काही नसेल तर मी आजच मंजूर करते.

कृष्णनाथ पडद्यासमोर बसले. गौरवी त्या वेळी कंपनीच्या बैठकीत, कानाला यंत्र लावून. सत्यवतीबाई तुळशीकडे. जगात त्या क्षणी ती हरकत समजणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक सगुण.

त्यांनी पुस्तिका उघडून ती जागा पाहिली. नऊ बंदरं. शेवटी वास्को. आणि त्याला चिकटलेली टीप, जशी कुणी शेजारच्या घराला न विचारता पडवी जोडावी. सगुणचं खरं होतं. अतिक्रमण झालं होतं, आणि ते कृष्णनाथ शेट्ये यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. त्यांच्या हिशेबाने दोनशे अकरा ठिकाणी रिकामी ओळ यादीच्या आत होती. या एका ठिकाणी ती यादीच्या शेवटी होती, हद्दीवर.

त्यांनी लिहिलं: 'श्री. सगुण हे गावातील ज्येष्ठ नागरिक असून त्यांनी या कार्यास शुभेच्छा दिल्या आहेत.'

वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. एक बटण दाबलं की काम मंजूर, दोन दिवसांनी नाव यादीत. टीप नंतर गुपचूप सरळ करता आली असती. वास्को काही तक्रार करणार नव्हता.

"काय लिवलां सगुणान?" सत्यवतीबाई निरांजन घेऊन आत येत म्हणाल्या.

"बरंच लिहिलंय."

"सगुणान? आनी बरां?" त्या थांबल्या. "ताका ताप येयलो काय?"

त्या आत गेल्या. कृष्णनाथ त्या वाक्याकडे बघत राहिले. त्यांना एक जुनी ग्रामसभा आठवली. भर सभेत एकाने उठून सचिवाला गाढव म्हटलं होतं. सरपंच म्हणाले, हे लिहू नका. कृष्णनाथांनी लिहिलं: 'सचिव हे गाढव असल्याचे मत एका ग्रामस्थाने मांडले. सभेने नोंद घेतली.' ते इतिवृत्त आजही कचेरीच्या कपाटात आहे. चौतीस वर्षांत दगडावर नाव आलं नाही; पण माणूस बोलला एक आणि वहीत उतरलं दुसरं, असंही कधी झालं नाही. एवढी एकच इस्टेट त्यांची होती, आणि तिच्या हद्दीबद्दल कुणाचा वाद नव्हता.

त्यांनी शुभेच्छा पुसल्या. मग हरकत जशीच्या तशी इंग्रजीत उतरवली, मुद्दा एक ते तीन. दुसऱ्याच्या जागेत घुसण्याच्या सवयीसकट. गडग्यासकट. आणि खाली शेरा मारला: 'हरकत मुदतीत आली आहे. स्थळपाहणी केली असता मुद्दा एक व दोन यांत तथ्य आढळले. मुद्दा तीन न्यायप्रविष्ट आहे.'

बटण दाबल्यावर ते सोप्यावर जाऊन अंधारात दिसेनाशा होत चाललेल्या दोरीकडे बघत बसले.

इंग्रिडचं उत्तर सकाळी आलं. हरकत बरोबर आहे. उंचीची टीप चुकीच्या जागी गेली असती तर कुणी तरी फूट समजून, पाणी कमी धरून, होडी पुलाखाली घातली असती. सगळ्या दोनशे बारा जागा दुसऱ्या माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय आता मंजूर करता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत झालं तर या आवृत्तीत, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि दुसरा माणूस म्हणून, ज्यांनी चूक पकडली, त्यांच्याहून चांगलं कोण?

"मी तपासते ना," गौरवी म्हणाली.

"बाईने सगुण म्हटलंय."

"मग बोलवा सगुणकाकांना."

"मी?"

"नाहीतर पुढच्या वर्षी," गौरवी म्हणाली आणि कानाला यंत्र लावलं.

कृष्णनाथांनी धुतलेला शर्ट घातला. फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घालून जावं, की दोरी ओलांडून? ओलांडली तर तिचा अवमान. वाकून खालून गेलं तर आपला. ते वळशाने गेले. सगुण अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होता. त्याने मान वर केली नाही.

"सगुण, तुझी हरकत ग्राह्य धरली आहे."

"असा?" सगुणचा हात थांबला. वीस वर्षांत त्याच्या शेकडो हरकती नोंदवल्या गेल्या होत्या, फेटाळल्या गेल्या होत्या, पुढच्या सभेवर ढकलल्या गेल्या होत्या. ग्राह्य एकही धरली गेली नव्हती. "आख्खी?"

"दोन मुद्दे. आणि एकत्र स्थळपाहणीला तू हजर राहायचं आहेस. उद्या संध्याकाळच्या आत."

"नोटीस?"

"तोंडी देतोय."

सगुणने बिया सारख्या केल्या, हात झटकले. "तुमी माजा म्हणणां कसा लिवलात बाईक? गडग्याचां लिवलात?"

"लिहिलं."

"घुसपाची सवय?"

"तेही."

सगुणने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं, जसा कदाचित तो एखाद्या बरोबर वजनाच्या ट्रककडे बघत असावा. "चष्मो घेवन येतंय," तो म्हणाला.

दोन दिवस सोप्यावर पाहणी चालली. कृष्णनाथ जागा वाचून दाखवत: पान बावीस, ओळ चौदा, आधी यादी, नंतर यादी. सगुण पडद्यावर बोट ठेवून बघे आणि वजनकाट्यावरच्या आवाजात ओरडे, "सोड!" एकशे सत्तराव्या जागेला तो ओरडला, "परत!" आणि तिथे खरोखरच दुसरी टीप यादीत घुसलेली निघाली. एकशे एक्याण्णवला तिसरी. प्रत्येक 'परत'ला कृष्णनाथ चेहरा सरळ ठेवून खूण करत. सत्यवतीबाईंनी दुपारी मुगाची भाजी आणि उंडे आणून ठेवले. ते गोल कडक पाव सगुणने हातात घेऊन तोलले आणि पोदेर अलीकडे वजनात मारतो, असा शेरा दिला. त्यावर मात्र कृष्णनाथांचं आणि त्याचं तत्काळ एकमत झालं. गेल्या पावसापासूनचं ते पहिलं.

दोनशे नऊ ओळी गेल्या, तीन परत आपल्या हद्दीवर आल्या. संध्याकाळी पावणेसहाला काम मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी आवृत्ती निघाली.

यादी गौरवीने मोठ्या अक्षरात उघडली. घरातले सगळे पडद्यापुढे उभे. जगभरची नावं, एकाखाली एक. आणि अगदी शेवटी:

कृष्णनाथ शेट्ये, कोरगाव.
सगुण पालयेकर, कोरगाव.

कृष्णनाथांनी आपलं नाव मोठ्याने वाचलं. मग त्यांनी चष्मा वर केला. मग पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हे दोघे इतके चिकटून का?"

"यादी आहे ती, बाबा."

"मध्ये एक रिकामी ओळ घाल. एकच. सेटबॅक म्हणून."

"असं नाही करता येणार."

"मी करतो. बाजूला हो."

त्यांनी स्वतः बसून एक ओळ घातली आणि पाठवली. अर्ध्या मिनिटात यंत्राने ती परत केली, लाल फुलीसह: यादीतल्या दोन नोंदींमध्ये रिकामी ओळ चालणार नाही. नियम सुचवणारे: कृष्णनाथ शेट्ये.

सत्यवतीबाईंनी पदर तोंडाला लावला. गौरवीने तर तेवढंही केलं नाही.

कृष्णनाथ अतिशय शांतपणे उठले. नियम योग्यच होता. तो अंमलात येतो आहे, हे पाहून कुठल्याही निवृत्त अधिकाऱ्याला समाधानच वाटावं. पेडण्याला जाऊन त्यांनी यादीच्या दोन प्रती काढून आणल्या. सुविधाने लांबडा कागद घातला. या वेळी कृष्णनाथांना ते दिसलं, तरी त्यांनी अडवलं नाही. खाली दोन इंच जागा जास्त राहिली. खालून कितीही सिमेंट चढलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत पोचणार नव्हतं.

दुसरी प्रत द्यायला ते निघाले तेव्हा सकाळची वेळ होती. सगुण दोरीपाशी ब्रश तोंडात धरून उभा होता. त्याने प्रत घेतली, दोन्ही नावांवर बोट ठेवलं, आकडा चुकला नाही ना अशी खात्री केली.

"सेक्रेटरीबाब, सगळ्या जगात आमच्या मधी गडगो नाय. मगे हंय कित्याक?"

"जगात जागा फुकट असते, सगुण. कोरगावात चौरस मीटरने जाते."

सगुणला हे पटलं. तो चूळ भरायला आत गेला.

कृष्णनाथ तिथेच थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग केरीच्या त्या शेडपाशी वाकतात तसे वाकले. बघणाऱ्याला वाटलं असतं, चपलेचा पट्टा सरळ करतायत. त्यांनी एका टोकाची खुंटी उपटली आणि सहा बोटं स्वतःच्या बाजूला घेऊन पुन्हा ठोकली. दुसऱ्या टोकाकडे गेले, तीही घेतली. वीतभर वादातला बरोबर अर्धा. दोरी ताणून बघितली. सरळ होती.

ते वळले, तोच पलीकडच्या पडवीतून, तोंडातल्या फेसासकट, गर्जना झाली.

"हरकत! दोरी हालयली कोणी? माका विचारल्याबगर? नोटीस खंय?"

कृष्णनाथांनी मागे वळून पाहिलं नाही. शर्टाची बाही सारखी केली, सोप्यावर चढले, लाल फितीची फाइल उघडली आणि कोरा कागद पुढे ओढून, फार दिवसांनी लागलेल्या भुकेने, पहिली ओळ लिहायला घेतली. मुदत पंधरा दिवसांचीच ठेवली.